आधी गाठीचं नाव, मग सुई

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला पिकल्या जांभळाच्या रंगाची, हरभऱ्याएवढी गाठ आहे. ती दुखत नाही, पण जेवताना दाताखाली येते, चावली गेली तर भळभळ रक्त येतं आणि माणूस खाली वाकला की जरा फुगते. अशा गाठीवर दातांचे डॉक्टर काचेची पारदर्शक पट्टी ठेवून हलकेच दाबतात. रक्ताचा थेंब तपासायला प्रयोगशाळेत वापरतात तीच ही पट्टी. काचेखाली जांभळा रंग विरतो, गाठ फिकी पडून सपाट होते. दाब काढला की दोन-चार क्षणांत रंग पुन्हा भरून येतो. एवढ्या साध्या तपासणीतून एक मोठी गोष्ट कळते, ती ही की या फुगवट्यात रक्त आहे आणि ते रक्तवाहिन्यांमधून ये-जा करतं आहे. अशी गाठ कापायला घेतली की पहिला सामना रक्तस्रावाशी होतो. म्हणून तिच्यासाठी दुसरा मार्ग शोधला गेला: बारीक सुईने आत औषध सोडायचं, आतल्या वाहिन्या बंद पाडायच्या आणि गाठ जागच्या जागी सुकू द्यायची. या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. तोंडातल्या योग्य गाठींसाठी हा मार्ग शस्त्रक्रियेच्या आधी विचारात घेतला गेला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण गाठ कोणती हे ठरवल्याशिवाय टोचलेली सुई रुग्णाचं नुकसान करू शकते, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणतो. मराठवाड्यात तर या दुसऱ्या वाक्याचं वजन पहिल्याहून जास्त आहे.

हा उपचार ऐकायला नवा वाटला तरी त्याची ओळख बहुतेक घरांना आहे. मूळव्याधीवर दिलं जाणारं इंजेक्शन किंवा पायांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरांमध्ये दिलं जाणारं इंजेक्शन याच जातीचं. फ्रान्समधल्या शार्ल प्राव्हाझ यांनी १८५३ मध्ये पिचकारीसारखं उपकरण वापरून रक्तवाहिनीत रक्त गोठवणारं द्रव्य सोडण्याचे प्रयोग केले, तिथून या कल्पनेची वाट सुरू होते. १९३९ मध्ये स्वीडनमधल्या दोन डॉक्टरांनी अन्ननलिकेतल्या फुगून रक्तस्राव करणाऱ्या शिरांमध्ये असं औषध सोडून दाखवलं. आज तोंडातल्या गाठींसाठी जी औषधं वापरतात त्यांत सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, पोलिडोकॅनॉल आणि इथॅनॉलअमाइन ओलिएट ही नावं मुख्यतः येतात. पोलिडोकॅनॉलची गंमत अशी की ते मुळात जागा बधिर करण्यासाठी तयार झालं होतं. टेट्राडेसिल आणि पोलिडोकॅनॉल ही औषधं साबणाच्या गुणधर्माची आहेत. साबण जसा भांड्यावरचा तेलकट थर सोडवतो, तसं हे औषध रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तरातली स्निग्ध द्रव्यं विरघळवतं. अस्तर गेलं की खालची भिंत उघडी पडते, तिथे रक्त गोठतं, सूज येते आणि पुढच्या काही आठवड्यांत वाहिनीच्या जागी घट्ट, तंतुमय ऊतक तयार होतं. रक्ताला फिरायला जागाच उरत नाही, म्हणून गाठ आक्रसते. ग्रीक भाषेत ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण. उपचाराचं नाव या कठीण होण्यावरूनच पडलं आहे.

प्रत्यक्ष प्रक्रिया खुर्चीतच होते. आधी जागा बधिर करतात. मग बारीक सुई गाठीत घालून दट्ट्या किंचित मागे ओढतात. पिचकारीत रक्त आलं तर सुई नेमकी वाहिनीत आहे याची खात्री पटते. त्यानंतर औषध थेंबाथेंबाने आत जातं. हरभऱ्याएवढ्या गाठीला एक मिलीलिटरही लागत नाही. गाठ पांढुरकी पडून ताणली गेली की हात थांबवायचा आणि काही मिनिटं गॉजने दाबून धरायचं. गाठ मोठी असेल तर औषधाचा फेस करतात. इटलीतल्या लोरेन्झो तेस्सारी यांनी २००० साली सांगितलेली पद्धत त्यासाठी जगभर वापरली जाते: दोन पिचकाऱ्या एका तिहेरी तोटीला जोडायच्या, एकीत औषध, दुसरीत हवा, आणि दोन्ही दट्टे आळीपाळीने पुढे-मागे ढकलत राहायचं. वीसेक हिसक्यांत दाढीच्या साबणासारखा पांढरा, दाट फेस तयार होतो. पातळ औषध रक्तात लगेच मिसळून पातळ होतं. फेस मात्र रक्ताला बाजूला सारून भिंतीला चिकटून राहतो, त्यामुळे थोड्या औषधात जास्त जागा व्यापली जाते. पुढचे दोन-तीन दिवस सूज आणि दुखणं असतं. कधी वरची त्वचा काळपट पडून खपलीसारखी निघते. गाठ हळूहळू टणक होत जाते, मग बारकी होते. एका बैठकीत काम झालं नाही तर एक-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा सुई देतात.

शस्त्रक्रियेने हीच गाठ काढायची म्हटलं तर अडचण कुठे येते? तोंडाचा रक्तपुरवठा शरीरातल्या इतर भागांच्या मानाने फार समृद्ध आहे. म्हणूनच तोंडातल्या जखमा लवकर भरतात, आणि म्हणूनच जीभ कापली की रक्त थांबता थांबत नाही. त्यात अशी गाठ अनेकदा शिरांची जन्मजात विकृती असते आणि तिला स्वतःची सीमा नसते. चरबीची गाठ आवरणासकट अख्खी सोलून काढता येते. ही विकृती मात्र शेतात पसरलेल्या हरळीसारखी आजूबाजूच्या स्नायूंत शिरलेली असते. सगळी काढायची तर जिभेचा किंवा ओठाचा चांगला भागही जातो, आणि थोडी ठेवली तर ती पुन्हा वाढते. ओठाच्या लाल कडेवर टाक्याची रेघ केसभर सरकली तरी चेहरा आयुष्यभर वेगळा दिसतो. जिभेचा तुकडा गेला तर उच्चारात आणि घास फिरवण्यात फरक पडतो. सुईने औषध दिलं तर स्नायू आणि ओठाची कड बहुतांशी जागेवर राहते. ज्याला रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे किंवा ज्याला संपूर्ण भूल देणं धोक्याचं आहे, अशा माणसाच्या बाबतीत हा फरक आणखी मोलाचा ठरतो.

छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात या फरकाला वेगळा अर्थ येतो. १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘घाटी’, आणि १९८२ साली स्थापन झालेलं शासकीय दंत महाविद्यालय या दोन संस्थांकडे फक्त शहरच पाहत नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शेजारचा बुलढाणा इथून रुग्ण पहाटेची एसटी धरून येतात. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया म्हणजे आधीच्या तपासण्या, भूलतज्ज्ञांची तारीख, खाट मिळण्याची वाट, सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आणि लागलंच तर रक्ताच्या पिशवीची धावपळ. लहान, वरवरच्या गाठीवर खुर्चीत बसवून औषध देता आलं तर यातल्या बहुतेक पायऱ्या गळतात. शस्त्रक्रियागृहावरचा ताण कमी होतो आणि ती जागा ज्याला सुरीशिवाय इलाजच नाही अशा माणसाला मिळते. यावर कुणी म्हणेल, शस्त्रक्रिया एकदाच होते, सुईसाठी तीनदा-चारदा यावं लागतं, मग गरिबाचा फायदा कुठे? हा आक्षेप खरा आहे. हिंगोलीहून चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि चार वेळचं भाडं. म्हणून किती खेपा लागू शकतील याचा अंदाज पहिल्याच दिवशी रुग्णाला सांगितला गेला पाहिजे, आणि अधल्यामधल्या तपासणीचं काम गावाजवळच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतशल्यचिकित्सकांकडे सोपवता आलं पाहिजे. दोन सुयांनंतर येणंच बंद केलेल्या रुग्णाला या उपचाराचा उपयोग फार थोडा.

पुराव्याकडे वळलं तर चित्र आशादायक आहे आणि अपुरंही. जपानमधल्या ओगिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लसिकावाहिन्यांच्या गाठींवर ओके-४३२ नावाचं, जिवाणूपासून तयार केलेलं औषध टोचून ती गाठ शस्त्रक्रियेविना बसते हे दाखवलं. कोरियातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये पायोजेनिक ग्रॅन्युलोमा या पटकन रक्त येणाऱ्या लाल गाठीवर टेट्राडेसिल वापरून चांगले परिणाम नोंदवले. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये तोंडातल्या रक्तवाहिन्यांच्या ३० गाठींवर इथॅनॉलअमाइन ओलिएटचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचा निष्कर्षही अनुकूल होता. भारतातल्या दंत महाविद्यालयांतूनही अशा उपचारांचे अनुभव नियतकालिकांत येत असतात. पण या बहुतेक अभ्यासांत रुग्ण थोडे आहेत, आणि निम्म्यांना सुई व निम्म्यांना शस्त्रक्रिया देऊन तुलना केलेली नाही. ज्यांना गुण आला त्यांचीच हकिगत छापली जाण्याकडे कल असतो, हेही विसरता येत नाही. तरीही मी हा पुरावा पुरेसा मानतो तो दोन कारणांनी. एक तर औषध कसं काम करतं हे नीट समजलेलं आहे आणि पायांच्या शिरांवरचा त्याचा कित्येक दशकांचा अनुभव पाठीशी आहे. दुसरं म्हणजे सुईने काम भागलं नाही तरी शस्त्रक्रियेची वाट बंद होत नाही. उलट आक्रसलेली गाठ कमी रक्त सांडून काढता येते. आधी सुरी चालवली आणि ती चुकली, तर कापलेला ओठ पूर्ववत होत नाही.

मात्र हा सगळा युक्तिवाद ‘योग्य गाठ’ या दोन शब्दांवर उभा आहे. तोंडातल्या कोणत्याही लाल-जांभळ्या गाठीला ‘हेमॅन्जिओमा’ म्हणण्याची सवय वैद्यकात बराच काळ होती. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मुलिकेन आणि ग्लोवाकी यांनी या एका नावाखाली दोन वेगळे आजार दडलेले आहेत हे पेशींच्या अभ्यासातून दाखवलं. बाळाला जन्मानंतर काही आठवड्यांत होणारा खरा हेमॅन्जिओमा झपाट्याने वाढतो आणि पुढे काही वर्षांत बहुतेक वेळा आपोआप विरतो. शिरांची विकृती जन्मतःच असते, मुलाबरोबर वाढते, वयात येताना किंवा गरोदरपणात फुगते आणि आपोआप कधीच जात नाही. बाळाच्या हेमॅन्जिओमासाठी आता ना सुरी लागते ना सुई: प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकारासाठीच्या जुन्या औषधाने ती गाठ बसते हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांच्या २००८ मध्ये लक्षात आलं. तिसरा प्रकार धमनी आणि शीर थेट जोडल्या गेल्याचा. तिथे रक्त जोराने धावतं, बोट ठेवलं तर ठोके किंवा थरथर जाणवते. इथे साधं इंजेक्शन अंगाशी येतं, कारण औषध क्षणात वाहून जातं आणि भलत्याच जागेचं ऊतक मरू शकतं. अशी गुंतागुंत जबड्याच्या हाडात असताना नुसता दात उपटला तरी जीव धोक्यात येईल इतका रक्तस्राव होतो. हे तीन प्रकार ओळखण्यासाठी काचेची पट्टी, बोटाचा स्पर्श, रुग्णाची नीट विचारपूस आणि डॉपलर सोनोग्राफी बहुधा पुरते. खोलवरच्या गाठीला एमआरआय लागतो. डॉपलरमध्ये रक्ताचा वेग कळतो, आणि सुई द्यायची की नाही हे प्रामुख्याने त्या वेगावर ठरतं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. सुईने ती जागीच जिरते, तपासायला काही उरतच नाही. निदान चुकलं असेल तर ते कळणार कसं? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि मराठवाड्याबद्दल लिहिताना तो टाळून पुढे जाणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या दर चार प्रौढांमागे एकाहून थोडी जास्त माणसं तंबाखू वापरत असल्याचं दिसलं, आणि त्यात चघळायच्या, दाढेखाली धरायच्या तंबाखूचा वाटा मोठा होता. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण का येतात, याचं उत्तर शहरातल्या प्रत्येक पानटपरीवर टांगलेलं आहे. अशा मुलखात तोंडातली प्रत्येक वाढ आधी संशयानेच पाहिली पाहिजे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, काठ कडक झालेली गाठ, तोंड कमी उघडणं, गळ्यात लागणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर इंजेक्शनचा विषय तिथेच संपतो. तिथे तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, हाच मार्ग. ‘तुकडा काढला की कर्करोग पसरतो’ ही समजूत खेड्यापाड्यांत घट्ट रुजली आहे. तिने आजवर किती जणांचे महिने वाया घालवले असतील याचा विचार केला की जीव तुटतो. कर्करोग बायोप्सीमुळे पसरत नाही. तो पसरतो न तपासता काढलेल्या दिवसांत.

पण रक्ताने भरलेल्या गाठीचा तुकडा काढणं हेही धोक्याचंच, मग निदान करायचं कसं, असं कुणी विचारेल. इथे इलाजाची शिस्त कामी येते. गाठ किती वर्षांची आहे, दाबली की फिकी पडते का, वाकल्यावर फुगते का, डॉपलरमध्ये संथ रक्त दिसतं का, या सगळ्यांची उत्तरं एकाच दिशेने जात असतील तर शिरांच्या विकृतीचं निदान तुकड्याशिवायही भरवशाचं असतं. कधी क्ष-किरणात रक्ताच्या गुठळीचे दगडासारखे झालेले गोल दाणेही दिसतात. वरच्या उत्तरांपैकी एखादं विसंगत निघालं तर थांबायचं. सुई दिल्यावर गाठ अपेक्षेप्रमाणे आक्रसली नाही, तर ‘आणखी एक सुई’ म्हणण्याऐवजी निदानच पुन्हा तपासायचं. पायोजेनिक ग्रॅन्युलोमाच्या बाबतीत तर मी आणखी सावध राहीन: तो लाल, पटकन वाढणारा असतो आणि क्वचित त्याच रूपात घातक गाठही समोर येते. तिथे जराही शंका असेल तर सुरीचाच मान पहिला.

पाण्याच्या फोडासारख्या दिसणाऱ्या गाठीचा विचार वेगळा करावा लागतो. खालच्या ओठावर, विशेषतः ओठ चावणाऱ्या मुलांना, निळसर, मऊ फुगवटा येतो. फुटतो, बसतो, पुन्हा येतो. याला म्युकोसील म्हणतात. इथे रक्त नसतं, लाळ असते: लाळेच्या छोट्या ग्रंथीची नळी फाटलेली असते आणि लाळ आतल्या आत साचते. जिभेखाली असाच मोठा फुगा आला तर तो रॅन्युला. या गाठींवरही पोलिडोकॅनॉल आणि ओके-४३२ वापरून पाहिलं गेलं आहे आणि भूल घ्यायला घाबरणाऱ्या लहान मुलांसाठी तो पर्याय मोहात पाडणारा आहे. पण दोष ग्रंथीत असताना फुगा सुकवून मूळ प्रश्न सुटेलच असं नाही. खराब ग्रंथीसकट फुगा काढणं हाच आजही तिथला मान्य उपचार आहे. सुईचा पुरस्कार करताना ही सीमा मान्य केली नाही तर बोलण्यावरचा विश्वासच उडेल.

सुई म्हणजे निर्धोक, हा समजही काढून टाकला पाहिजे. औषध वाहिनीबाहेर सांडलं तर जखम होऊन ऊतक मरतं. जिभेच्या मुळाशी किंवा घशाजवळ औषध दिलं तर येणारी सूज श्वासमार्ग दाबू शकते. असा रुग्ण रुग्णालयात दाखल करूनच हाताळायचा असतो. क्वचित या औषधाची तीव्र ॲलर्जी येते, म्हणून ॲड्रिनलिन आणि प्राणवायू हाताशी नसलेल्या ठिकाणी हा उपचार करूच नये. याच कामासाठी कधी वापरलं जाणारं शुद्ध अल्कोहोल प्रभावी आहे, पण नसांना इजा करू शकतं. ब्लिओमायसिन हे असंच आणखी एक औषध वापरलं तर एकूण मात्रेचा हिशोब ठेवावा लागतो, कारण मात्रा वाढली की फुप्फुसांवर परिणाम होतो. या यादीने घाबरून जाण्याचं कारण नाही. शस्त्रक्रियेच्याही धोक्यांची यादी करता येते आणि ती लहान नाही. मुद्दा इतकाच की गल्लीतल्या दवाखान्यात ‘एका इंजेक्शनात गाठ गायब’ अशी पाटी दिसली तर तिथून परत फिरावं.

अशा गाठीचा रुग्ण दवाखान्यात बसलेला असतो तेव्हा त्याला बहुधा एकच प्रश्न पडतो: कापावं लागेल का? त्याच्या आधी विचारायचे प्रश्न तीन आहेत. या गाठीचं नाव काय? ते कशावरून ठरवलं? आणि सुईने नाही जमलं तर पुढे काय? डॉक्टरांनी या तिन्हींची उत्तरं मराठीत, रुग्णाच्या केस पेपरवर दोन ओळींत लिहून द्यावीत आणि प्रत्येक भेटीला गाठीशेजारी मोजपट्टी धरून एक छायाचित्र काढून ठेवावं. याला पैसा लागत नाही, नवं यंत्रही लागत नाही. पण त्या दोन ओळी असल्या तर परभणीचा रुग्ण तिसऱ्या खेपेला वेगळ्या डॉक्टरांसमोर बसला तरी उपचाराचा धागा तुटत नाही. गाठ कमी होते आहे की नाही हे आठवणीवर न सोडता मोजून सांगता येतं. आणि घाटीतल्या व दंत महाविद्यालयातल्या अशा शेकडो कागदांमधून आज नसलेला तुलनात्मक पुरावाही इथेच, आपल्याच रुग्णांच्या नोंदींतून उभा राहू शकतो. पिचकारी भरण्याआधी त्या कागदावर गाठीचं नाव लिहिलेलं असावं.